आकर्षण समितीचे चार भोंगे

चर्चच्या आत एकतीस माणसं होती. त्यांतली दोन झोपलेली, एक दुपट्यात गुंडाळलेली, आणि एक दाराशी स्टुलावर बसलेला रखवालदार. त्याला मंडळीत धरायचं की नाही, यावर दर वर्षी वाद होई. बाक बावीस, एकेका बाकावर आठ माणसं नीट मावतात. पंखे नऊ, त्यांतले फिरणारे सहा. ऑर्गन एक, त्याच्या दोन पट्ट्या मुक्या. आणि बाहेर, छताच्या कडेला, रस्त्याकडे तोंड वासून बसवलेले चार भोंगे, नवेकोरे.

म्हणजे जे ऐकायला आले होते त्यांच्यासाठी शून्य आणि जे आलेच नव्हते त्यांच्यासाठी चार. हा हिशेब कानवालीने भोंग्यांच्या पहिल्याच रविवारी तिसऱ्या बाकावर बसून मांडला. पण ती तो कुणाला बोलली नाही, कारण भोंगे नेमके कुठे बसवायचे हे तिनेच सांगितलं होतं.

तिला कानवाली म्हणायचे ते तिच्या कामावरून. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन, वर कान तपासण्याचा डिप्लोमा करून ती श्रवणयंत्रांच्या दुकानात लागली होती. मंडळीतल्या म्हाताऱ्यांना तिचा फार अभिमान. कुणी कानातला मळ दाखवायला येई, कुणी सुनेचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून येई आणि यंत्र लावून दिलं की आता जास्तच ऐकू येतं म्हणून परत येई.

भोंग्यांचं मूळ पाळकसाहेबांच्या एका वाक्यात होतं. वर्षाच्या आरंभी त्यांनी उपदेशात सांगितलं, "आपण असं जगावं, की आपल्याला पाहून लोक देवाकडे ओढले जावेत." वाक्य सरळ होतं. ते बोलून पाळकसाहेब चहा प्यायला गेले. पण सरळ वाक्य समितीच्या हाती लागलं की त्याचं काय होतं, हे ज्याने समिती पाहिली आहे त्याला सांगायला नको. पहिल्याच बैठकीत 'जगावं' हा शब्द गळून पडला, दुसऱ्या बैठकीत 'पाहून' गेला, आणि उरलं ते फक्त ओढणं. म्हणून समितीचं नाव पडलं 'आकर्षण समिती'.

समितीत तिघं. अध्यक्ष कानवालीचे थोरले मामा. नळ आणि फिटिंगच्या सामानाचं त्यांचं मोठं दुकान होतं, आणि जगातली कुठलीही अडचण म्हणजे कुठेतरी प्रेशर कमी पडतंय, अशी त्यांची पक्की समजूत होती. दुसरे दंतवैद्य. ओढणं या विषयातले तेच खरे जाणकार. तिसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. त्यांनी तीस वर्षं प्रार्थनेच्या तासाला मुलींना रांगेत उभं केलं होतं आणि अख्खं शहर एका रांगेत का उभं राहत नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं.

"बाळ, तू सायन्सवाली ना?" मामा म्हणाले होते. "सांग बघू, आवाज कुठून सोडला तर लांबवर जाईल?"

आणि कानवाली फुशारली. कुणी शास्त्राचा प्रश्न विचारला की ती फुशारायचीच. तिने कागदावर आकृती काढली. समोरच्या तीन मजली इमारतीची भिंत सपाट, विटांची. पूर्वेच्या कोपऱ्यावर भोंगे बसवले तर आवाज त्या भिंतीवर आपटून दोन्ही गल्ल्यांत जाईल. भिंतीला दुसऱ्या मजल्यावर एकच खिडकी होती. ती तिने एका बारीक चौकोनाने दाखवली आणि शेजारी लिहिलं: नगण्य.

"बघा!" मामा समितीला म्हणाले. "देवाने भिंतसुद्धा आपल्यासाठीच बांधून ठेवली होती."

*

आठवा रविवार उलटला आणि सोमवारी दुकानात एक जोडपं आलं. नवरा कुलूपवाला. रस्त्याच्या टोकाला त्याची टपरीवजा जागा होती, किल्ल्या करून द्यायची. बायको डोक्याला जाड शाल गुंडाळून त्याच्या पाठीमागे चालत होती, जणू समोरून वारा येतोय.

"हिला तपासा," कुलूपवाला म्हणाला. इतकं हळू, की कान तपासणाऱ्या बाईलाही पुढे वाकावं लागलं. "जिन्यावरून पडली सहा महिन्यांपूर्वी. डोक्याला मार बसला. सगळं बरं झालं, पण तेव्हापासून आवाज सोसत नाही."

"ऐकू कमी येतं?"

"जास्त येतं," बायको कुजबुजली. "ताटावर चमचा पडला तर दातात सुई जाते. मला गल्लीत रेडिओ म्हणायचे, माहितीये? बोलायला लागले की बंद व्हायची नाही. आता माझाच आवाज मला सोसत नाही. देवाने बटणच पिळलं." ती हसली आणि स्वतःच्याच हसण्याने तिचे खांदे कानांपर्यंत गेले.

आवाजबंद खोलीत रेडिओच्या कानांवर हेडफोन चढवून कानवाली काचेपलीकडे यंत्रापाशी बसली. आधी बारीकातला बारीक आवाज कुठे ऐकू येतो ते पाहिलं. कान ठणठणीत होते. मग उलटी तपासणी. आवाज हळूहळू वाढवत न्यायचा आणि नकोसा झाला की हात वर करायला सांगायचं. धडधाकट कानांचा माणूस पंचाण्णव डेसिबलच्या आसपास हात वर करतो. रेडिओने बासष्टला केला. समोरासमोर बसून दोन माणसं साधं बोलतात तो आवाज साठ.

कानवालीने आकडा पुन्हा घेतला. बासष्टच.

"आता मी माइकवरून शब्द म्हणेन," तिने आवाज खाली आणून सांगितलं. "तुम्ही तेच परत म्हणायचे. दार."

"दार."

"माती."

"माती."

"वाट."

रेडिओने डोकं वर केलं. काचेतून ती कानवालीकडे टक लावून पाहायला लागली.

"वाट," कानवाली पुन्हा म्हणाली.

"दुसरा शास्त्रपाठ," रेडिओ म्हणाली. "तुम्हीच ना त्या? दर दुसऱ्या रविवारी. 'आता आपण दुसरा शास्त्रपाठ ऐकू या.' माइकवर आवाज आला तशी लगेच ओळखला."

कानवालीचा हात बटणावरच राहिला. नाही म्हणायचं तिच्या मनात येऊन गेलं. आलं हे तिला कळलंही.

"हो," ती म्हणाली.

"छान वाचता बायबल. स्पष्ट. आमच्या खिडकीतून थेट उशीवर येतं. ती समोरची खिडकी आमची."

नगण्य, कानवालीच्या मनात आलं.

बाहेर आल्यावर कुलूपवाल्याने सगळं सांगितलं. आठ रविवार रेडिओ आतल्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात बसत होती. दोन्ही बाजूंना रजया, डोक्याशी उशी, दार ओढून घेतलेलं. सव्वा तास. त्यात बुधवारी संध्याकाळची प्रार्थनासभा आणि शनिवारी गायनाची तालीम, तेही भोंग्यांवर, कारण मुख्याध्यापिकाबाईंच्या मते सरावही देवाची साक्षच असते.

"मग तुम्ही येऊन सांगितलं का नाही?" कानवालीने विचारलं.

कुलूपवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने शालीचं टोक तोंडात धरलं.

"गेले होते हो हे," ती म्हणाली. "तिसऱ्या रविवारी. दारात उभे राहिले, म्हणाले जरा बोलायचंय. झालं! एकाने फुलं दिली, एकीने गीतांचं पुस्तक हातात कोंबलं, दोघांनी दंडाला धरून पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. हे म्हणतायत, अहो मी आवाजाचं सांगायला आलोय. तर कोण ते जाड मिशांचे, नळवाले—"

"माझे मामा," कानवाली म्हणाली. एकदा खरं बोलायचं ठरवलं की मध्येच थांबता येत नाही.

"—हं, ते म्हणाले, 'आवाज! ऐकलात ना? त्याच आवाजाने तुम्हाला इथवर आणलं!' आणि उठून माइकवरून सांगितलं, आज आपल्यात एक नवीन आत्मा आला आहे. मी कपाटात. मला वाटलं, गेला वाटतं माझा नवरा."

कुलूपवाला हसला नाही. "महिनाअखेर घर सोडतोय आम्ही," तो म्हणाला. "हिच्या भावाच्या गावाला. तिथे शेजार नाही. टपरीही सोडावी लागेल. एकवीस वर्षं झाली इथे. पण हिला कपाटात किती दिवस बसवायचं?"

"कपाटात बसूच नका," कानवाली म्हणाली. "सगळा आवाज तोडला तर कान आणखी हळवे होतील. रोज थोडा, हळू, चांगला आवाज कानावर पडायला हवा. हळूहळू कान सैल सुटतात."

"हळू, चांगला आवाज," कुलूपवाला म्हणाला. "तुमच्याकडे मिळतो का तो?"

*

पुढच्या रविवारी कानवाली उपासनेला गेली नाही. दुकानातलं आवाज मोजायचं यंत्र घेऊन ती समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गेली. रेडिओ कपाटात होती. खोलीत बांधलेली खोकी, पलंग, पलंगावर उशी. उशीजवळ, खिडकी बंद ठेवून, एकाहत्तर. खिडकी उघडून, शहाऐंशी. तो आकडा उपासनेच्या शेवटी मामा देतात त्या सूचनांच्या वेळचा होता.

सोमवारी ती मामांच्या दुकानावर गेली. मामा काउंटरवर एका गिऱ्हाईकाला शॉवर दाखवत होते. दंतवैद्य शेजारी स्टुलावर बसून फुकटचा चहा पीत होते. तिने आकडे सांगितले.

"शहाऐंशी!" मामा गर्रकन वळले. "डॉक्टर, ऐकलंत? शंभरपैकी शहाऐंशी! तेही रस्त्यापलीकडे!"

"डिस्टिंक्शन," दंतवैद्य म्हणाले.

"मामा, हे मार्क नाहीत. शंभरपैकी वगैरे काही नसतं. त्या खोलीत एक आजारी बाई आहे. तिला बासष्टच्या वरचं सोसत नाही. ती तुमच्या उपासनेला कपाटात बसते."

"उपासनेला बसते ना? मग झालं!"

"कपाटात, मामा."

"अगं, माणूस कुठे बसून ऐकतो याला महत्त्व नाही. ऐकतो ना?" गिऱ्हाईक शॉवर खाली ठेवून निघून गेलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे, जणू शॉवर तिनेच परत केला. "आणि एक सांगू का? चोराच्या मनात चांदणं. ज्याला वचन टोचतं ना, त्याच्या आत काहीतरी चाललेलं असतं. टोचलंच नाही तर औषध लागलं कसं कळणार?"

"दात ठणकत नाही तोवर कोण येतं आमच्याकडे?" दंतवैद्य म्हणाले.

"तुम्ही ठणका पाठवता का लोकांच्या घरी?" कानवालीने विचारलं.

दंतवैद्यांनी चहाच्या पेल्यात पाहिलं.

"हे बघ," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा खाली आला, कारण माणूस ते वाईट नव्हते. गळक्या नळाच्या तक्रारीला ते स्वतः पाना घेऊन जात, पैसेही घेत नसत. फक्त देवाच्या कामात त्यांची अक्कल घरी राहायची. "भोंगे आता कसे बंद करणार? नऊ रविवारांत एक आत्मा आलाय. तो दाराशी उभा होता की नाही? मी स्वतः माइकवरून सांगितलं."

"तो भोंगे बंद करा म्हणून सांगायला आला होता."

"आधी सगळे असंच काहीतरी निमित्त सांगतात," मामा म्हणाले.

निघताना तिने एक चूक केली. महिनाअखेर ते दोघं घर सोडून चाललेत, हेही सांगून टाकलं. तिला वाटलं, आतातरी पाघळतील. मामांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"आजारी बाई," ते म्हणाले. "आणि आपण अजून एकदाही भेटायला गेलो नाही! डॉक्टर, ही समितीची चूक आहे."

*

गुरुवारी संध्याकाळी कानवाली कामावरून घरी आली, तेव्हा आई बटाटे सोलत बसली होती. चर्चमधला ऑर्गन तीच वाजवायची. मुक्या पट्ट्या टाळून तिने बारा वर्षं सगळी गीतं वाजवली होती, आणि समितीबद्दल तिचं मत तिने एकदाच सांगितलं होतं: "रिकाम्या भांड्याला झाकण शोधतायत."

"दादाचा फोन होता," आई म्हणाली. "तुझ्या त्या बाईकडे गेलेत सगळे. सातजण. तिच्या बरं होण्यासाठी गाणार आहेत."

"गाणार?"

"गिटार घेऊन. डॉक्टरांची खंजिरी पण—"

चाकू बटाट्यात तसाच राहिला. दोघी चपला अडकवत जिना उतरल्या.

समोरच्या इमारतीच्या जिन्यातच गाणं ऐकू आलं. दार सताड उघडं होतं. खोलीत सातजण अर्धवर्तुळात उभे, डोळे मिटलेले, चेहरे वर. मध्ये फळांची टोपली. मुख्याध्यापिकाबाई ताल चुकणाऱ्याला कोपराने ढोसत होत्या. दंतवैद्यांची खंजिरी चालू होती. आणि कपाटाच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून कुलूपवाला उभा होता. तो बोलत होता. त्याचे ओठ सारखे हलत होते. पण तो ओरडत नव्हता, कारण त्याचं ओरडणं आधी कपाटात लागलं असतं. तो अगदी हळू, पुन्हा पुन्हा, काहीतरी सांगत होता, आणि त्या सात देवभक्तांपैकी एकालाही ते ऐकू येत नव्हतं.

आई सरळ आत गेली आणि तिने गिटारच्या तारांवर पंजा दाबला. मग दंतवैद्यांच्या हातातून खंजिरी काढून फळांच्या टोपलीत, केळ्यांवर, आडवी ठेवली.

गाणं एका एका तोंडातून बंद होत गेलं. शेवटी मुख्याध्यापिकाबाई एकट्याच उरल्या. त्यांनी डोळे उघडले आणि थांबल्या.

आता कुलूपवाल्याचं बोलणं ऐकू आलं. "कृपा करा," तो म्हणत होता. "कृपा करा. कृपा करा."

"वहिनी!" मामा कपाटाकडे पाहून दणदणीत आवाजात म्हणाले. "आम्ही तुमच्यासाठीच—"

"दादा," आई म्हणाली, "तोंड."

आईने असं सांगायची वेळ लहानपणानंतर आली नसावी. मामा गप्प झाले. कुलूपवाला बाजूला झाला आणि कपाटाचं दार आतून वीतभर उघडलं.

"संपलं का?" रेडिओचा आवाज आला. "टाळ्या वाजवू नका हं."

दार पुरतं उघडलं तेव्हा ज्याने त्याने पाहिलं. खाली टेकायला बुटकं स्टूल. टांगलेल्या कपड्यांच्या मागे खिळ्याला अडकवलेला टॉर्च. पाण्याची बाटली. दोन रजया, एक उशी, आणि उशीला दोन्ही कानांच्या जागी पडलेले खळगे. रेडिओच्या कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. तिच्या मांडीवर तिची जाड शाल होती आणि ती तिने दोन्ही मुठींत धरली होती.

"मला तुमची सगळी उपासना पाठ झालीय," ती मामांना म्हणाली. कुजबुजतच, पण खोलीत तेवढाच आवाज होता. "पहिलं गीत सोसतं. उपदेशाला मान खाली घातली की निभावतं. शेवटच्या गीताला चार कडवी. मला वाटतं, सुटले. मग तुमच्या सूचना. सूचना फार लांब असतात हो तुमच्या. तेव्हाच मला ओकारी येते."

मामांनी तोंड उघडलं. नळ सोडावा, नुसती हवा फुसफुसावी, तसं झालं. त्यांनी टोपली उचलली, मग ती द्यायला आणली होती हे आठवून परत खाली ठेवली. खंजिरी खुळखुळली. रेडिओने डोळे घट्ट मिटले. मामा चवड्यांवर, एवढं थोरलं पोट सांभाळत, चोरासारखे खोलीबाहेर गेले. बाकीचेही तसेच गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी जाताना दारात मागे वळून पाहिलं आणि सवयीने बोट ओठांवर ठेवलं, सगळ्यांना गप्प करायला. कुणी बोलतच नव्हतं.

*

आई मागे राहिली. कानवालीला तिने घरी पाठवलं, बटाटे सोलायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा गेली. तिच्या जुन्या लोकरी कोटाचे तिने चौकोनी तुकडे कापले होते. कुलूपवाल्याने दार उघडलं आणि तिच्या हातांकडे पाहिलं.

"पत्रक नाही आणलं?"

"कसलं?"

"देवाचं."

"तुमच्या खुर्च्या करकरतात," आई म्हणाली. "काल ऐकलं मी. त्या उलट्या करा आधी."

तिने खुर्च्यांच्या, टेबलाच्या, पलंगाच्या पायांना लोकर चिकटवली. दाराच्या चौकटीला पट्टी लावली. भांड्यांच्या फळीवर जुनी चादर दुमडून अंथरली, म्हणजे पातेली ठेवताना वाजायची नाहीत. तासभर ती त्या घरात होती आणि तिने एकही वस्तू आपटली नाही. शनिवारी ती आली आणि नुसती रेडिओजवळ बसून शिवत राहिली.

"तुम्ही काहीच कसं बोलत नाही?" रेडिओने शेवटी विचारलं. "तुमच्या देवाबद्दल?"

"दादाने आठ-नऊ रविवार बोलून ठेवलंय," आई म्हणाली. "ते आधी तुमच्या कानातून उतरू दे."

त्याच दुपारी चर्चच्या भिंतीला शिडी लागली. शिडीवर मामा, कमरेला नळाचा पाना. खाली शिडी धरून कानवाली. मुख्याध्यापिकाबाईंचं मत होतं की चारांतले दोन भोंगे अर्ध्या आवाजावर ठेवावेत. दंतवैद्यांचं मत होतं की एक तरी राहू द्यावा, मुळासकट काढू नये. मामांनी समितीची बैठक बोलावलीच नव्हती.

"काय करताय?" रस्त्यावरून कुणीतरी विचारलं.

"गंज तपासतोय!" मामा वरून ओरडले. मग समोरच्या खिडकीकडे पाहून हळू म्हणाले, "गंज."

"नवे आहेत, मामा," कानवाली म्हणाली.

"नव्यालाच लवकर लागतो. तुला सायन्समध्ये शिकवलं नाही?"

"तुम्ही तिची माफी मागणार आहात का?"

मामा बराच वेळ एक घट्ट बोल्ट पिळत राहिले. "पाना दे तो बारका," ते म्हणाले. बारका पाना त्यांच्याच खिशात होता.

सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. रविवारी उपासनेच्या शेवटी मामा सूचना द्यायला उठले आणि भोंग्यांचं कार्य सफल झाल्यामुळे ते उतरवण्यात आल्याचं त्यांनी जाहीर केलं. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या. आकर्षण समिती आता नव्या योजनेचा विचार करील, असंही मामा म्हणाले. मात्र ते एवढंच बोलले आणि खाली बसले. मंडळी दोन मिनिटं तशीच बसून राहिली. त्यांना वाटलं, अजून आहे.

हे सगळं कानवालीला आईने नंतर सांगितलं. ती स्वतः तिथे नव्हती. शनिवारीच रेडिओने तिला निरोप पाठवला होता: "ते तुमचं मोजायचं यंत्र घेऊन या. आमचे हे मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतात. मला खरा आकडा पाहिजे."

म्हणून उपासना चालू असताना कानवाली त्या खोलीत एका खोक्यावर बसली होती. खोकी अजून बांधलेलीच होती. एक तेवढं सोडलं होतं, पेले काढायला. कपाटाचं दार उघडं होतं आणि आत फक्त कपडे होते. कुलूपवाला पलंगाच्या कडेला बसला होता, उठायची वेळ आली तर लगेच उठता यावं असा. रेडिओ शाल पांघरून उशीला टेकली होती.

"बंद खिडकी, तेहतीस," कानवाली कुजबुजली.

"तेहतीसमध्ये मला काहीच ऐकू येत नाही," रेडिओ म्हणाली. "तुमची आई वाजवतेय ना?"

"हो. शेवटचं गीत असेल."

रेडिओने शाल बाजूला केली. कुलूपवाला उठला, तशी तिने त्याला हातानेच बसवलं. "अहो, थांबा. मला करू द्या." ती खिडकीपाशी गेली. कडी काढताना वाजू नये म्हणून तिने ती पदराने धरली. आधी वीतभर उघडली. मान आत ओढून, डोळे बारीक करून उभी राहिली. मग तिचे खांदे थोडे खाली आले. तिने दुसरंही दार ढकललं.

रस्त्यापलीकडे माणसं गात होती. सुरात कमी, पण एकत्र. मध्येच एखादा सूर गळायचा, मुक्या पट्टीपाशी, आणि आई तो ओलांडून पुढे जायची.

"कितवं कडवं?" रेडिओने मागे न वळता विचारलं.

"चौथं."

कानवालीने यंत्र उशीजवळ धरलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. खिडकी पूर्ण उघडी, चौथं कडवं: सेहेचाळीस डेसिबल.